वेगानें फिरणाऱ्या चाकांचा तोल घरीं कसा पाहावा

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं फिरतीं साधनें थोडीं असत आणि जीं असत तीं सावकाश फिरत. जातें, रहाट, उंसाचा चरक हीं माणसाच्या अथवा बैलाच्या बळावर चालत. त्यांची एक बाजू दुसरीहून थोडी जड असली तरी कोणाचें कांहीं अडत नसे. कडबा कापण्याच्या यंत्रांचा प्रसार होऊं लागला तेव्हांही हीच स्थिति होती. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, तिच्या आधींच बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं अशीं यंत्रें बनविण्यास आरंभ केला होता. हातानें फिरविण्याच्या यंत्राचें चाक मिनिटास फार तर ५०-६० फेरे घेई. आज तशाच यंत्रास विजेची मोटर जोडलेली असते. भरड्याची हॅमर मिल, मळणीयंत्र, उफणणीचा पंखा, पाण्याचा पंप हीं सर्व मिनिटास शेंकडों अथवा हजारों फेरे घेतात. वेग वाढल्यामुळें, पूर्वीं जी उणीव खपून जात असे ती आतां खपत नाहीं.

यंत्र थरथरतें, बेअरिंग टिकत नाहीं, नट वारंवार ढिले होतात, अशा तक्रारी संस्थेच्या सभासदांकडून नेहमीं ऐकूं येतात. ह्यांपैकीं पुष्कळ तक्रारींचें मूळ फिरत्या भागाचा तोल बिघडण्यांत असतें. थरथरीनें प्रथम नट ढिला होतो, मग बेअरिंग जातें, पुढें शाफ्टास चीर पडते आणि शेवटीं पातें अथवा हातोडी सुटते. मध्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावरील हातोडी मिनिटास ३००० फेऱ्यांवर ताशी सुमारें २८० किलोमीटर वेगानें धांवत असते. ती सुटल्यास समोर असलेल्या माणसाची काय गत होईल, हें सांगावयास नको. तोल पाहण्याचें काम बऱ्याच अंशीं घरीं करतां येतें. त्यास महाग उपकरण लागत नाहीं. तें कसें करावें आणि कोठें थांबावें, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तोल बिघडणें म्हणजे काय

ज्या मध्यरेषेभोंवतीं चाक फिरतें त्याच रेषेवर चाकाच्या सर्व वजनाचा मध्य असला, म्हणजे तोल साधला असें म्हणतात. तो मध्य केसभर जरी बाजूस सरला तरी चाकाची एक कड जड होते आणि फिरतांना ती शाफ्टास आपल्याकडे ओढूं लागते. चाक फिरेल तसा हा ओढा क्षणांत वर, क्षणांत खालीं, क्षणांत आडवा होतो. थरथर म्हणतात ती हीच.

कारणें अनेक असतात. बिडाच्या ओतकामांत एक बाजू जाड होते, किंवा आंत पोकळी राहते. शाफ्टाचें भोंक नेमकें मध्यावर पडलेलें नसतें. पातीं सारखीं झिजत नाहींत. एका पात्यास जुना आंखूड बोल्ट आणि दुसऱ्यास नवा लांब बोल्ट असतो. कधीं तर वाळलेला चारा आणि धूळ एका बाजूस घट्ट बसलेली असते, एवढेंच कारण असतें. म्हणून प्रथम चाक धुऊन पुसून पाहावें. कित्येकदां तेवढ्यानेंच काम भागतें.

वेगाचा हिशेब

वेग दुप्पट झाला तर ओढा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो; वेग दसपट झाला तर ओढा शंभरपट होतो. ही गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत धरावी. समजा, चाकाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरांवर ५० ग्रॅम वजन जास्त आहे. मिनिटास ६० फेरे असतां त्याचा ओढा सुमारें ५० ग्रॅमच पडतो. ६०० फेऱ्यांवर तो ५ किलो होतो, १५०० फेऱ्यांवर ३१ किलो आणि ३००० फेऱ्यांवर सुमारें १२५ किलो. म्हणजे सव्वा क्विंटलाचें ओझें बेअरिंगावर दर सेकंदास ५० वेळां दिशा बदलून आदळत असतें.

हा हिशेब घरीं मांडण्यास एक सोपी रीत आहे. जास्तीचें वजन ग्रॅममध्यें घ्यावें व त्यास मध्यापासूनच्या अंतराच्या सेंटिमीटरांनीं गुणावें. मिनिटाचे फेरे हजारांत मांडून त्यांच्या वर्गानें पुनः गुणावें, आणि येईल त्यास ९० नीं भागावें. उत्तर किलोंत येतें. वरील उदाहरणांत ५० गुणिले २५ म्हणजे १२५०; ३००० फेरे म्हणजे ३ हजार, त्याचा वर्ग ९; गुणाकार ११,२५०; त्यास ९० नीं भागिलें असतां १२५.

ह्यावरून आणखी एक बोध घ्यावयाचा. काम लवकर उरकावें म्हणून कित्येक जण मोटरेवर मोठी पुली चढवितात. वेग सव्वापट झाला तर ओढा दीडपटीहून अधिक होतो. चाकाच्या बिडावर फिरण्यामुळें पडणारा ताणही त्याच प्रमाणांत वाढतो. कारखानदारानें ठरवून दिलेला वेग कधींही ओलांडूं नये.

तोलाचे दोन प्रकार

एक स्थिर तोल आणि दुसरा गतितोल. अरुंद चाक जागच्या जागीं कोणत्याही स्थितींत उभें राहिलें म्हणजे त्याचा स्थिर तोल साधला. परंतु लांब रोटराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या डाव्या टोंकास वरच्या बाजूनें ५० ग्रॅम जास्त आणि उजव्या टोंकास खालच्या बाजूनें ५० ग्रॅम जास्त असलें, तर पट्ट्यांवर ठेविलें असतां तो निश्चल राहील. फिरूं लागला म्हणजे मात्र एक टोंक वर आणि दुसरें खालीं ओढलें जाऊन तो डोलूं लागेल. वहींतील एकंदर बेरीज जुळावी, परंतु जमा एका पानावर आणि खर्च भलत्याच पानावर पडलेला असावा, तशांतला हा प्रकार आहे. एकूण बेरीज पाहणारास ही चूक दिसत नाहीं. ती पानोपान तपासावी लागते.

कारखान्यांत साधारण नियम असा पाळतात, कीं ज्या भागाची रुंदी व्यासाच्या निम्म्याहून कमी आहे आणि वेग १००० फेऱ्यांच्या आंत आहे, त्यास स्थिर तोल पुरतो. कडबा यंत्राचें चाक, पुली, अरुंद पंखा हीं बहुधा ह्यांत मोडतात. रुंदी अथवा वेग ह्याहून जास्त असेल तेथें गतितोलही पाहावा लागतो, आणि तें काम घरीं होत नाहीं.

लागणारें साहित्य

सरळ, गुळगुळीत अशा दोन पोलादी पट्ट्या, उभ्या कडेवर बसविलेल्या, त्या धरण्यास भक्कम लांकडी किंवा लोखंडी घोडी, पाणसळ, खडू, मेण अथवा मळलेली चिकणमाती, ग्रॅम दाखविणारा काटा, कानस, आणि भोंक पाडण्याचें यंत्र. पट्ट्या मिळत नसल्यास चार लहान बेअरिंगें घ्यावीं. तीं रॉकेलांत धुऊन आंतील जाड ग्रीस काढावें व पातळ तेलाचा थेंब द्यावा. शाफ्टाच्या दोन्ही टोंकांखालीं दोन दोन बेअरिंगें शेजारी शेजारी बसविलीं म्हणजे शाफ्ट त्यांच्या खोबणींत सहज फिरतो.

कृति

१. आधीं वीज तोडावी. नुसती कळ बंद करून भागत नाहीं. फ्यूज काढून खिशांत ठेवावा, म्हणजे घरांतील दुसरा कोणी चुकून यंत्र सुरू करणार नाहीं. मग पट्टा उतरवून चाक शाफ्टासह बाहेर काढावें.

२. चाक स्वच्छ करून तपासावें. बिडाचें चाक टांगून हलकेंच ठोकावें. निकोप असल्यास खणखणीत नाद येतो, चीर असल्यास बद्द आवाज येतो. चीर असलेल्या चाकाचा तोल पाहत बसूं नये. तें मोडींत घालावें. शाफ्ट वांकला आहे काय हेंही पाहावें. जवळ एक खिळा स्थिर धरून शाफ्ट सावकाश फिरविला असतां मधली फट कमीजास्त झाली, तर शाफ्ट वांकलेला आहे असें समजावें. तो सरळ झाल्यावांचून पुढील श्रम व्यर्थ आहेत.

३. घोडी हलणार नाहीं अशा जागीं ठेवून दोन्ही पट्ट्या पाणसळीनें समपातळींत आणाव्या. शाफ्टाची टोंकें पुसून चाक पट्ट्यांवर ठेवावें आणि हलकेंच लोटून द्यावें. तें थांबेल तेव्हां अगदीं खालच्या बिंदूवर खडूनें खूण करावी. असें पांच-सहा वेळां करावें, निम्मे वेळां एका दिशेनें व निम्मे वेळां उलट दिशेनें. खुणा चाकभर पसरल्या तर तोल ठीक आहे. त्या एका भागांत जमल्या तर तोच भाग जड. दोन दिशांच्या खुणांत थोडें अंतर पडतें, कारण घर्षणामुळें चाक जरा आधींच थांबतें. खरी जड जागा दोहोंच्या मध्यें धरावी.

४. जड खूण मध्याच्या पातळींत आडवी आणावी. तिच्या बरोबर समोरच्या कडेस थोडथोडें मेण लावीत जावें. चाक कसेंही वळवून सोडलें तरी जागच्या जागीं राहूं लागलें, म्हणजे मेण काढून त्याचें वजन करावें. मेण मध्यापासून किती सेंटिमीटरांवर होतें तेंही मोजून लिहून ठेवावें.

५. आतां हलक्या बाजूस वजन वाढवावयाचें, कीं जड बाजूचें काढावयाचें, हें ठरवावें. साधेल तर काढणेंच बरें, कारण काढलेलें वजन सुटून उडत नाहीं. वजन व अंतर ह्यांचा गुणाकार मात्र कायम राहिला पाहिजे. समजा, २५ सेंटिमीटरांवर ४० ग्रॅम मेण लागलें, गुणाकार १०००. जड बाजूस भोंकें २० सेंटिमीटरांवरच पाडतां येतात, तर ५० ग्रॅम लोखंड काढावें लागेल. बिडाचें वजन घन सेंटिमीटरास सुमारें ७.२ ग्रॅम असतें. १२ मिलिमीटर व्यासाचें आणि १० मिलिमीटर खोल भोंक पाडलें असतां सुमारें ८ ग्रॅम निघतात. म्हणून अशीं सहा भोंकें पाडावीं लागतील. तीं खुणेच्या दोन्ही अंगांस सारखीं वांटावीं, आणि शेवटचीं दोन पाडण्यापूर्वीं चाक पुनः पट्ट्यांवर तपासावें. भोंकें जाड भागांतच घ्यावीं. आरे, बोल्टाच्या जागा व पातळ कड ह्यांस हात लावूं नये. वजन वाढविणें भागच पडलें तर आरपार बोल्ट व त्यावर दुहेरी नट बसवावा. बिडावर झाळ देऊन तुकडा चिकटविणें धोक्याचें आहे. झाळेजवळ बीड तडकतें.

६. शेवटीं आपल्या साधनाची परीक्षा करावी. चाकाच्या कडेवर समान अंतरानें आठ खुणा कराव्या. एकेक खूण आडवी आणून तिच्यावर, चाक नुकतें हलूं लागेल इतकेंच वजन ठेवावें व तें लिहून घ्यावें. आठ आंकड्यांतील मोठ्यांतून लहान वजा करून बाकी निम्मी करावी. मोठा आंकडा ३२ ग्रॅम व लहान ८ ग्रॅम असल्यास निम्मी बाकी १२ ग्रॅम. कडेवर तेवढा फरक अद्याप उरला आहे, आणि जेथें ३२ ग्रॅम लागले ती बाजू हलकी आहे, असें समजावें. घर्षण दोन्ही आंकड्यांत सारखेंच असल्यामुळें तें वजाबाकींत निघून जातें. पट्ट्या साधारण असल्या तरी ह्या रीतीनें बरेंच सूक्ष्म काम होतें.

पातीं व हातोड्या

चाकाचा तोल एकदां साधला म्हणजे तो सहसा बिघडत नाहीं. रोजच्या वापरांत बिघडतो तो पात्यांचा व हातोड्यांचा, आणि तो बहुधा आपल्याच हातून बिघडतो. आमच्या पाहण्यांत अशी गोष्ट आली, कीं एका शेतकऱ्याच्या कडबा यंत्राचें बेअरिंग एका हंगामांत दोनदां गेलें. दोन पात्यांपैकीं एक तुटल्यावर त्यानें तेवढेंच नवें आणून बसविलें होतें; दुसरें जुनें, घासून घासून अरुंद झालेलें, तसेंच ठेविलें होतें. दोहोंच्या वजनांत ९० ग्रॅम अंतर निघालें. ३० सेंटिमीटरांवर व ६०० फेऱ्यांवर ह्याचा ओढा सुमारें ११ किलो होतो. दोन्ही पातीं जोडीनें नवीं घातल्यावर थरथर थांबली. एका पात्याची किंमत वांचविण्यासाठीं दोन बेअरिंगांचा खर्च त्यास पडला होता.

म्हणून पातीं नेहमीं जोडीनेंच बदलावीं. सहाणेवर लावतांना प्रत्येकाचें वजन करावें, आणि सर्वांत हलकें जें असेल त्याच्या बरोबरीस बाकीचीं आणावीं. अंतर एक-दोन ग्रॅमांहून जास्त राहूं देऊं नये. प्रत्येक पातें एखाद्या धारेवर आडवें ठेवून त्याचा मध्य कोठें येतो तेंही पाहावें. वजन सारखें असून मध्य सरकलेला असेल तर तोल साधत नाहीं. बोल्ट, नट, वॉशर व खालच्या पातळ पट्ट्या हींही वजनांत धरावीं.

हॅमर मिलच्या हातोड्या सुट्या झुलत असतात. त्या लावलेल्या ठेवून रोटर पट्ट्यांवर तपासूं नये. झुलत्या हातोड्या चाकास भलतीकडे वळवितात. हातोड्या काढून नुसत्या रोटराचा तोल पाहावा आणि हातोड्यांचा मेळ निराळा घालावा. सहा-सहाच्या चार रांगांत २४ हातोड्या आहेत असें धरूं. प्रत्येकीचें वजन करून सर्वांत जड ते सर्वांत हलकी अशा ओळीनें मांडाव्या. ओळींतील पहिल्या दोन घेऊन त्या समोरासमोरच्या रांगांत, शाफ्टाच्या एकाच जागीं बसवाव्या. मग पुढच्या दोन, आणि असेंच शेवटपर्यंत. एवढ्यानें रांगांची बेरीज जुळते आणि पानोपानचा मेळही जुळतो. एक हातोडी तुटली तर तिच्या समोरचीही बदलावी. झिजलेल्या हातोड्या उलटवावयाच्या झाल्यास सर्व एकाच वेळीं उलटवाव्या.

किती तोल पुरे

पूर्ण तोल साधणें कोणासही शक्य नाहीं. किती उणीव चालेल हें वेगावर ठरतें. आंतरराष्ट्रीय मानकांत शेतीच्या यंत्रांच्या फिरत्या भागांसाठीं जी १६ ही श्रेणी सांगितली आहे. तिच्याप्रमाणें ४० किलो वजनाचा भाग १००० फेऱ्यांनीं फिरत असेल, तर २५ सेंटिमीटरांवर सुमारें २४ ग्रॅम उणीव चालते. तोच भाग ३००० फेऱ्यांनीं फिरत असेल तर केवळ ८ ग्रॅम. पंप व पंखे ह्यांस ह्याहून कडक अशी जी ६.३ श्रेणी लागू आहे. तीन किलोच्या पंपचक्रास २९०० फेऱ्यांवर, मध्यापासून ७ सेंटिमीटरांवर एक ग्रॅमही उणीव चालत नाहीं. इतकें सूक्ष्म काम घरच्या पट्ट्यांवर होणें कठीण आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

घरीं करूं नयेत अशीं कामें

मळणीयंत्राचा लांब ढोल, ट्रॅक्टरामागील गवत व पाचट तोडणाऱ्या यंत्राचा रोटर, ट्रॅक्टरापासून यंत्रास शक्ति पोंचविणारा सांध्यांचा शाफ्ट, अनेक चाकांचा पंप आणि मोटरेचा रोटर, हीं गतितोल पाहण्याच्या यंत्रावरच नेलीं पाहिजेत. तें यंत्र भाग फिरवून दोन्ही टोंकांस किती व कोठें वजन कमीजास्त करावें हें दाखवितें. मळणीयंत्रांनीं अनेकांचे हात गेले, म्हणून १९८३ सालीं संसदेनें धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. कायदा असो वा नसो, हात आपला आहे.

थरथर दिसली म्हणजे तोलच बिघडला, असेंही नव्हे. पायाचे बोल्ट ढिले असणें, दोन पुल्या एका रेषेंत नसणें, बेअरिंग झिजणें ह्यांनींही यंत्र हलतें. म्हणून तीं आधीं पाहावीं. ठराविक एका वेगावरच यंत्र जोरानें हादरत असेल व पुढें शांत होत असेल, तर त्या वेगावर तें चालू ठेवूं नये. तेथें यंत्राची अथवा सांगाड्याची स्वतःची कंपनें फेऱ्यांशीं जुळत असतात.

यंत्र पुनः जोडल्यावर प्रथम हातानें दहा-वीस फेरे देऊन कोठें घासत नाहीं ना तें पाहावें. झांकण व जाळी लावल्यावांचून वीज देऊं नये. पहिल्या चालीस चाकाच्या समोर कोणासही उभें राहूं देऊं नये. कळ दाबणारानेंही शाफ्टाच्या टोंकाच्या अंगास, दूर उभें राहावें. पांच मिनिटें चालवून थांबवावें व सर्व नट पुनः आंवळावे.

शेवटीं एवढेंच सुचवावयाचें, कीं प्रत्येक यंत्रासाठीं वहीचीं दोन पानें राखून ठेवावीं. पात्यांचीं व हातोड्यांचीं वजनें, तीं बसविल्याची तारीख, कोठें किती भोंकें पाडलीं, बेअरिंग केव्हां बदललें, हें सर्व त्यांत टिपावें. दर हंगामाच्या आरंभीं तीं पानें काढून पात्यांचीं वजनें पुनः घ्यावीं व जुन्या आंकड्यांशीं ताडून पाहावीं. फरक आढळल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वींच दुरुस्ती उरकून घ्यावी.